व्हिडिओ गेममधली स्त्री पात्रं आणि ठरलेले साचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न गेम खेळणारे, गेम बनवायला शिकणारे आणि मुलांच्या हातात गेम देणारे पालक सतत विचारतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न २ मध्ये दोन गेमचे शेवट उघड होतात.

१. साचा म्हणजे नेमकं काय? गेममध्ये राजकन्या दाखवली की झाला का साचा?

नाही. एका राजकन्येने साचा तयार होत नाही. पात्राचा विचार सुरू व्हायच्या आधीच त्याचं काम ठरलेलं असेल, आणि तेच काम गेममागून गेम तशाच पात्राच्या वाट्याला येत असेल, तर तो साचा. नेहमी भेटणारे साचे असे: सुटकेची वाट पाहणारी, शेवटी बक्षीस म्हणून मिळणारी, पुरुषांच्या टोळीतली एकटी, मागे राहून इतरांच्या जखमा भरणारी, आणि नायकाला सूड घ्यायला कारण मिळावं म्हणून सुरुवातीलाच मारली जाणारी.

ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे क्रियापदं. गेममध्ये पात्र घडतं ते त्याला काय काय करता येतं यातून. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये जंपमॅन, म्हणजे पुढचा मारिओ, धावतो, चढतो, उडी मारतो, हातोडा चालवतो. वर उभी असलेली बाई हात हलवते आणि तिच्या शेजारी ‘हेल्प’ अशी अक्षरं उमटतात. तिला आधी धड नावही नव्हतं, पॉलीन हे नाव नंतर मिळालं. म्हणून या पानावर आम्ही पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतो: ती काय करते, आणि ते करायचं हे ठरवतं कोण?

२. राजकन्येला सोडवा, ही एकच कथा इतक्या गेममध्ये का?

एक कारण तांत्रिक आहे. आर्केडच्या यंत्रात नाणं टाकलेल्या माणसाला काही सेकंदांत कळायला हवं की जायचं कुठे आणि कशासाठी. मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची, कथा सांगायला जागा नाही. पळवून नेलेली स्त्री हे सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं कथानक होतं, समजावून सांगावं लागत नव्हतं.

पण हे कारण अर्धंच आहे. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० चा ‘पॅक-मॅन’ त्याच मर्यादांत तयार झाले, त्यांना राजकन्या लागली नाही. आणि पुढे मेमरी वाढत गेली तरी कथा तीच राहिली. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ३२ लेव्हल आहेत, राजकन्या दिसते ती शेवटच्या किल्ल्यात, सगळा खेळ संपल्यावर.

साचा वाकवण्याचे प्रयत्नही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अमेरिकेत १९८८ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये ती राजकन्या, म्हणजे पीच, निवडता येते आणि ती हवेत तरंगते, त्यामुळे अवघड उड्यांसाठी लोक तिलाच घेतात. २००८ च्या ‘ब्रेड’मध्ये शेवटची लेव्हल काळाच्या योग्य दिशेने पाहिली की कळतं, राजकन्या नायकाकडे नाही, नायकापासून पळत होती. २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त पीच मारिओ आणि तिला पळवणारा बाउझर दोघांनाही नकार देऊन फिरायला निघून जाते. ‘लेजंड ऑफ झेल्डा’ ही मालिका १९८६ पासून राजकन्या झेल्डाच्या नावाने चालते, पण मुख्य मालिकेत ती नायिका म्हणून खेळाडूच्या हाती यायला २०२४ चा ‘एकोज ऑफ विस्डम’ यावा लागला.

३. पहिली नायिका कोणती मानतात?

दोन नावं कायम निघतात आणि दोन्हींत बोचणारं काहीतरी आहे.

१९८२ ची ‘मिस पॅक-मॅन’. मूळ गेमपेक्षा ही सरस: चार वेगवेगळे चक्रव्यूह, भुतांच्या चाली कमी ठरीव. पण ती स्त्री आहे हे कळतं ते रिबिनीवरून, लिपस्टिकवरून आणि गालावरच्या तिळावरून. पिवळ्या वर्तुळाला पुरुष व्हायला काहीच लागलं नाही. स्त्री व्हायला वरून काहीतरी चिकटवावं लागलं. प्राणी, यंत्रमानव, परग्रहवासी यांच्या बाबतीत हीच सवय आजही दिसते. बिनखुणेचा तो पुरुष, पापण्या लांब असलेली ती स्त्री.

दुसरी १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मधली समस ॲरन. पूर्ण गेमभर चिलखतात. इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख पुरुष म्हणून होता. पाच तासांच्या आत गेम संपवला तर शिरस्त्राण उतरतं आणि स्त्री दिसते; एका तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत दिसते. म्हणजे सगळी क्रियापदं तिच्याकडे, आणि खेळाडूच्या कौशल्याचं बक्षीस मात्र तिचे उतरलेले कपडे. हे दोन्ही एकाच गेममध्ये आहे, आणि त्यातलं एक सांगून दुसरं वगळणं बरोबर नाही.

४. सगळी तक्रार कपड्यांबद्दलच आहे ना?

कपडे पटकन डोळ्यांत भरतात म्हणून वाद तिथेच अडकतो. खरं तर कॅमेरा जास्त बोलतो. २०१० च्या ‘मास इफेक्ट २’मध्ये मिरांडा गंभीर गोष्टी बोलत असताना कॅमेरा काही वेळा तिच्या चेहऱ्याऐवजी पार्श्वभागावर रेंगाळत होता. संवाद तोच, आवाज तोच, आणि बोलणाऱ्या बाईचं बोलणं मात्र वाया. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत त्यातले काही शॉट बदलले. कपड्यांना हातही लावावा लागला नाही आणि प्रसंग सुधारला.

कपड्यांबद्दल प्रश्न असा विचारा: याच जगात, याच कामासाठी निघालेला पुरुष काय घालून निघाला आहे? समुद्रकिनाऱ्यावर दोघंही पोहण्याच्या कपड्यांत असतील तर काही बिघडत नाही. बर्फाळ डोंगरावर त्याला लोकरीचा कोट आणि तिची कंबर उघडी असेल, तर तो निर्णय तिचा नाही, पाहणाऱ्याचा आहे. चिलखताबद्दल प्रश्न ८ पाहा.

५. नायिका लढते, ताकदवान आहे. मग प्रश्न सुटला की!

नेहमी नाही. ताकद आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१० चा ‘मेट्रॉइड: अदर एम’ घ्या. नायिका समसकडे वितळत्या लाव्ह्याच्या उष्णतेत टिकून राहण्याची सोय पहिल्यापासून आहे. पण वरिष्ठ अधिकाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय ती वापरायची नाही, असं कथेत ठरलं आहे. म्हणून ती धगधगत्या भागात शिरते, खेळाडूच्या डोळ्यांसमोर तिची ऊर्जा घटत जाते, आणि तरीही परवानगी येईपर्यंत ती सोय बंदच. मालिकेत आधी नवी शक्ती शोधून मिळवायची असे. इथे तीच शक्ती एका पुरुषाच्या ‘हो’वर आली. गोळ्या ती झाडते, ठरवतो तो.

दुसरा नमुना २००५ च्या ‘सुपर प्रिन्सेस पीच’चा. इथे पीच मारिओला सोडवायला जाते, म्हणजे साचा उलटा झाला. पण तिच्या शक्ती कोणत्या? आनंद, राग, रडणं आणि शांत होणं. रडली की अश्रूंच्या धारा लागतात आणि त्यांनी रोपं वाढतात. क्रियापदं मिळाली, पण बाई म्हणजे भावनांचा उमाळा ही जुनी समजूतच त्यांत भरली गेली.

तिसरी गफलत अडचणीच्या पातळीची. १९९६ च्या पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये नायिका जिलकडे सामानाचे ८ कप्पे, नायक ख्रिसकडे ६, जिलला कुलूप उघडायचं साधन मिळतं, आणि छत खाली येऊ लागतं तेव्हा तिचा सहकारी बॅरी येऊन तिला वाचवतो. नवख्यांसाठी सोपा मार्ग देणं चांगलंच आहे, पण तो मार्ग ‘बाई निवडा’ याच्याशी बांधला की सोपं म्हणजे स्त्री हे आपोआप शिकवलं जातं. उपाय साधा आहे: अडचणीची पातळी आणि पात्र या दोन निवडी वेगळ्या ठेवा.

६. एखादा गेम मी स्वतः कसा तपासू?

वही घ्या आणि चार रकाने आखा: पात्राचं नाव, किती बोलतं, काय करतं, कोणाच्या सांगण्यावरून करतं. गेमचे तीन तुकडे निवडा, सुरुवातीचा अर्धा तास, मधला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास. फक्त सुरुवात पाहिली तर फसगत होते, कारण बरीच स्त्री पात्रं तडफदारपणे येतात आणि शेवटच्या एक-तृतीयांश भागात पळवली जातात.

मोजताना स्वतःच्या पात्राला वगळा. तुम्ही स्त्री निवडली असेल तर तिचेच संवाद आकडा फुगवतात आणि बाकीचं जग पुरुषांचं आहे हे लपतं. दुकानदार, पहारेकरी, शास्त्रज्ञ, वाटेत भेटणारे गावकरी हे सगळे मोजा. सर्वांत बोलका रकाना बिननावाच्या पात्रांचा असतो, कारण तिथे कोणी विचार करून ठरवलेलं नसतं, सवयीने झालेलं असतं.

मग अदलाबदल करून पाहा: स्त्री पात्राचे दहा संवाद पुरुषाच्या तोंडी वाचा. ‘काळजी घे’, ‘मला भीती वाटते’, ‘तू येशील हे माहीत होतं’ एवढंच उरत असेल तर पात्र रिकामं आहे.

बेक्डेल कसोटी (दोन स्त्रिया, एकमेकींशी बोलतात, पुरुषाव्यतिरिक्त कशाबद्दल तरी) १९८५ च्या एका चित्रपट्टीतून आली. ती चित्रपटांसाठी होती. गेममध्ये ती अपुरी पडते, कारण मुख्य पात्र गप्प असू शकतं. २००७ च्या ‘पोर्टल’मध्ये नायिका चेल एक शब्दही बोलत नाही, तिच्यात आणि ग्लाडोस या संगणक-खलनायिकेत जे घडतं ते सगळं कृतीतून.

७. पुरुष किंवा स्त्री निवडायचा पर्याय दिला की पुरतं का?

चांगली सुरुवात आहे, पण ‘आधीपासून निवडलेला’ कोण आणि पोस्टरवर कोण, हे बघा. ‘मास इफेक्ट’मध्ये (२००७ पासून) मुख्य पात्र शेपर्ड स्त्री म्हणूनही खेळता येतो, जेनिफर हेलच्या आवाजात. पहिल्या दोन भागांच्या मुखपृष्ठांवर मात्र पुरुष शेपर्डच. २०११ मध्ये कंपनीने सांगितलं की सुमारे १८ टक्के खेळाडू स्त्री शेपर्ड निवडतात. तिसऱ्या भागाच्या वेळी तिची स्वतंत्र जाहिरात झाली. २०२१ च्या सुधारित आवृत्तीचा आकडा ३२ टक्के होता. एवढ्यावरून जाहिरातीमुळेच वाढ झाली असं म्हणता येणार नाही, दहा वर्षांत खेळणारेही बदलले. पण ‘लोकांनाच नको आहे’ हा दावा करताना दुकानातल्या खोक्यावर काय छापलं होतं ते आधी बघावं.

क्लासशी, म्हणजे लढवय्या, जादूगार अशा पात्राच्या पेशाशी बांधलेलं लिंग ही दुसरी अडचण. ‘डायब्लो २’मध्ये (२०००) बार्बेरियन म्हणजे पुरुषच, सॉर्सरेस म्हणजे स्त्रीच. ‘डायब्लो ३’मध्ये (२०१२) प्रत्येक क्लास दोन्हींत मिळाला आणि धिप्पाड बार्बेरियन स्त्री पहिल्यांदाच खेळता आली.

८. स्त्रियांच्या चिलखतात नेमकं काय चुकतं?

छातीवर दोन वेगळे घुमट हा मुख्य दोष. खऱ्या पोलादी छातीपत्र्याला एकच बाहेरचा फुगवटा असतो, अनेकदा मधोमध धार, म्हणजे वार बाजूला घसरतो. दोन घुमट केले की त्यांच्यामधली खाच वार थेट छातीच्या मधल्या हाडाकडे आणते. मग उघडं पोट, उघड्या मांड्या, धावायच्या कामाला उंच टाचा, आणि लढाईत मोकळे सोडलेले केस.

तपासणी दोन मिनिटांची आहे. कपड्यांच्या मेनूत एकच चिलखत दोन्ही पात्रांना घाला. संरक्षणाचा आकडा तोच, पण तिच्या अंगावरचं धातूचं क्षेत्र अर्धं, असं दिसलं तर गेम स्वतःच्याच आकड्याशी खोटं बोलतो आहे. लांबून स्त्री-पुरुष ओळखू यावेत असं डिझायनरला वाटत असेल तर चाल, उभं राहण्याची ढब, केसांची बांधणी, आवाज यांचा उपयोग करा. त्यासाठी छातीचा आकार लागत नाही.

९. ‘स्त्री पात्रासाठी ॲनिमेशनचा खर्च दुप्पट होतो’ हे खरं आहे का?

दुप्पट नाही. हे वाक्य २०१४ मध्ये ‘ॲसॅसिन्स क्रीड युनिटी’च्या वेळी गाजलं. निर्मात्यांनी स्त्री पात्र नसण्याचं कारण ॲनिमेशनचं वाढीव काम असं दिलं. त्याच मालिकेवर आधी काम केलेल्या जोनाथन कूपर या ॲनिमेटरने जाहीरपणे लिहिलं की हे एकदोन दिवसांचं काम आहे.

काम कुठे वाढतं ते नीट समजून घ्या. दोन्ही पात्रांच्या सांगाड्यातली हाडं आणि त्यांची नावं सारखी ठेवली तर चालणं, धावणं, लपणं या हालचाली एकावरून दुसऱ्यावर उतरवता येतात. बिघडतं ते स्पर्शाच्या जागी: शिडीची पायरी, शत्रूचा गळा, मिठी, दाराची मूठ. उंची बदलली की हात हवेत राहतो किंवा खांद्यात घुसतो. तिथे हात-पाय नेमक्या बिंदूवर टेकवणारं गणित लावावं लागतं आणि कटसीनमधल्या (खेळ थांबवून दाखवलेल्या प्रसंगांमधल्या) नजरा पुन्हा जुळवाव्या लागतात. नवा खर्च खरोखर येतो तो आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचा, कपड्यांचा आणि भाषांतराचा (प्रश्न १४). म्हणून हा निर्णय पहिल्या महिन्यात घ्यायचा असतो. शेवटच्या वर्षात घेतला तर तो महाग पडतो, आणि मग दोष स्त्री पात्राला दिला जातो.

१०. पुरुष पात्रंही अवास्तव पिळदारच असतात. मग तक्रार एकतर्फी नाही का?

अवास्तव शरीरं दोन्हीकडे आहेत, आणि पुरुषांचे साचेही मुलांना जाचक असतात. रडू नकोस, मार, एकटा लढ, हेही ठोकळ्यात बसवणंच. फरक हा की पिळदार दंड त्याला काहीतरी करायला उपयोगी पडतात. शिवाय पुरुषांत विविधता असते: म्हातारा, जाडा, कुरूप, विनोदी, थकलेला. स्त्रियांत वय आणि चेहरा फार थोडा बदलतो. २०२१ च्या ‘रिटर्नल’मधली मध्यमवयीन सेलीन लोकांच्या लक्षात राहिली, कारण तशी नायिका क्वचितच भेटते.

११. संशोधनातून काय दिसतं? असे गेम खेळून माणूस स्त्रीद्वेष्टा होतो का?

सरळ ‘हो’ म्हणायला आधार नाही. जर्मनीत ८२४ जणांवर तीन वर्षं केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गेम खेळणं आणि स्त्रियांबद्दलची बुरसटलेली मतं यांचा संबंध आढळला नाही. दुसरीकडे, २०१३ च्या एका प्रयोगात आभासी जगात उत्तान कपड्यांतलं पात्र ‘अंगावर घेतलेल्या’ स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दलचे विचार जास्त आले. म्हणजे परिणाम कोणावर आणि कशावर, हे वेगवेगळं मोजावं लागतं.

गेममध्ये काय आहे, याची मोजणी जास्त पक्की आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५० गेमच्या गणतीत सुमारे ८५ टक्के पात्रं पुरुष होती. १९८३ ते २०१४ मधल्या ५७१ गेमच्या अभ्यासात स्त्री पात्रांचं उत्तान चित्रण २००६ नंतर कमी झालेलं दिसलं, दुय्यम भूमिका मात्र टिकून होत्या. २०२३ च्या अभ्यासात ५० रोल-प्लेइंग गेममधल्या १३,००० हून अधिक पात्रांचे संवाद मोजले: स्त्रियांच्या वाट्याला सुमारे ३५ टक्के शब्द आले.

आमचं मत असं की परिणाम सिद्ध होईपर्यंत थांबायची गरजच नाही. रिकामं पात्र हे आधी लेखनाचं अपयश आहे.

१२. ऐतिहासिक गेममध्ये स्त्रिया घुसवणं म्हणजे इतिहासाची मोडतोड नाही का?

कोणता इतिहास, यावर आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सुमारे ८ लाख स्त्रिया होत्या. ५८८ वी रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंट स्त्रियांचीच होती. ल्युदमिला पावलिचेंको या नेमबाज स्त्रीच्या नावावर ३०९ बळींची नोंद आहे. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कच्या गुप्तलिपी केंद्रात काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. तेव्हा आघाडी निवडतानाच विचार करा. आणि जो गेम गोळी लागल्यावर दहा सेकंद आडोशाला बसलं की जखम भरून देतो, त्याने नेमकी बाई दिसल्यावर अचूकतेचा आग्रह धरणं पटत नाही.

१३. कथेत स्त्री मारली गेली किंवा तिच्यावर अन्याय झाला, तर तो साचाच का?

नाही. तीन गोष्टी पाहा. मरण्यापूर्वी ती कोणीतरी होती का, की फक्त ‘त्याची बायको’ होती? तिच्या जाण्याचा परिणाम एकट्या नायकावर होतो, की सगळ्या जगावर? आणि कॅमेरा तिच्या वेदनेकडे पाहतो की देहाकडे? नायकाला पेटवायला स्त्रीचा बळी देण्याच्या सवयीला कॉमिक्सच्या जगात १९९९ पासून एक नावच पडलं आहे, ‘फ्रिजमधल्या बायका’.

खलनायिकांना हेच लागू. ‘पोर्टल’मधली ग्लाडोस खुनशी आहे, पण तिला डाव आखता येतो, टोमणे मारता येतात, हरल्याचा रागही धरता येतो. दुष्ट असणं हा साचा नाही. फक्त मत्सरापोटी किंवा प्रेमभंगापोटीच दुष्ट असणं हा आहे. आणि अन्याय दाखवणारा गेम अन्यायाच्या बाजूचा असतोच असं नाही. ती नकार देऊ शकते का, हे पाहिलं की बाजू कळते.

१४. गेम मराठीत आणताना स्त्री पात्राचं काय होतं?

इथे फार चुका होतात, कारण मराठीत क्रियापदच लिंग सांगतं. इंग्रजी वाक्य एक असतं, मराठीत दोन लागतात: ‘तू जिंकलास’ आणि ‘तू जिंकलीस’. अनुवादकाला फक्त ओळींची यादी मिळाली तर तो सवयीने पहिलं लिहितो, आणि स्त्री निवडणाऱ्या खेळाडूला संपूर्ण गेम पुरुष म्हणून हाक मारतो. ‘मेट्रॉइड’मधलं गुपित (प्रश्न ३) तर मराठीत सांभाळणंच कठीण: ‘समस आला’ की ‘समस आली’? आदरार्थी लिहिलं तरी ‘आले’ आणि ‘आल्या’ वेगळे पडतात.

मार्ग आहेत. ‘तुम्ही जिंकलात’, ‘तुम्ही पोहोचलात’ दोघांनाही चालतं. आज्ञार्थ (‘पळ’, ‘दार उघड’) आणि भविष्यकाळ (‘तू जाशील’, ‘मी जाईन’) लिंग दाखवत नाहीत. ‘तू किल्ली शोधलीस’, ‘तू दार उघडलंस’ यांत क्रियापद किल्लीच्या आणि दाराच्या मागे जातं, खेळाडूच्या नाही. अडचण उरते ती पात्राच्या स्वतःच्या वर्तमान-भूतकाळात (‘मी येतो/येते’, ‘मी दमलो/दमले’), विशेषणांत (‘एकटा/एकटी’) आणि हाकांमध्ये (‘मित्रा’, ‘भाऊ’). या ओळींना फाइलमध्ये पहिल्यापासून दोन जागा ठेवा. सगळीकडे ‘तुम्ही’ करून पळवाट काढू नका. जिवलग मैत्रीण नायिकेला ‘तुम्ही’ म्हणू लागली की नातंच बदलतं.

चाचणीसाठी स्त्री पात्र घेऊन गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा खेळा. चुकलेले ‘आलास’ मोठ्या प्रसंगांत सापडत नाहीत, ते दुकानदाराच्या आणि पहारेकऱ्याच्या तोंडी असतात.